वॉचमनच्या केबिनमध्ये मॅच दिसते, आमच्या हॉलमध्ये का नाही?

मागच्या अंकात डीडी फ्री डिशबद्दल, म्हणजे दूरदर्शनच्या फुकटच्या डिशबद्दल जाताजाता दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांची रांगच लागली. सगळे छापायचे तर अंक पुरायचा नाही, म्हणून जे सारखे सारखे आले तेवढे घेतलेत. नावं नकोत असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं म्हणून नुसता भाग दिलाय.

प्रश्न (सहकारनगर): आमच्याकडे चांगला महागातला डीटीएच आहे, महिन्याला पाचशेच्या वर जातात. स्पोर्ट्सचं पॅक मात्र घेतलेलं नाही. परवा भारताची वनडे होती म्हणून डीडी लावलं तर तिथे भलताच कार्यक्रम चालू. खाली गेलो तर वॉचमनदादा केबिनमध्ये छोट्या टीव्हीवर डीडीवरच मॅच बघत बसलेले! त्यांच्याकडे ती फुकटची छत्री आहे. हा काय प्रकार आहे? आमचा डबा बिघडलाय का?

उत्तर: काका, डबा एकदम ठणठणीत आहे. ही सगळी कायद्याची करामत. २००७ साली एक कायदा झाला, त्यानुसार देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या मॅचेसचं प्रक्षेपण हक्क विकत घेतलेल्या चॅनेलने दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीबरोबर शेअर करायचं असतं, भारताच्या पुरुष संघाचे अधिकृत वनडे आणि टी-ट्वेंटी त्यात येतात. आता दूरदर्शनला सिग्नल मिळाला की तो केबलवाले आणि प्रायव्हेट डीटीएचवालेही आपापल्या डब्यात दाखवायचे, आणि हक्कासाठी करोडो मोजलेला चॅनेल म्हणायचा की अहो मग आमचं पॅक घेणार कोण. भांडण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये कोर्टाने सांगितलं की हा शेअर केलेला सिग्नल दूरदर्शनने स्वतःच्या ॲँटेनावाल्या प्रक्षेपणावर आणि स्वतःच्या डीटीएचवरच, म्हणजे डीडी फ्री डिशवरच दाखवायचा. म्हणून तुमच्या डब्यावर तेच डीडी असतं पण मॅचच्या वेळी त्यात दुसरं काहीतरी लावलेलं असतं.

थोडक्यात वॉचमनदादांकडे खुर्ची टाका, किंवा स्वतः एक छत्री बसवा. आयपीएल मात्र यात येत नाही हां, नाहीतर बसवून झाल्यावर मला शिव्या घालाल.

प्रश्न (धायरी): आई-बाबा दोघंच असतात, वय सत्तरीच्या पुढे. दर महिन्याला रिचार्ज संपला की आईचा फोन, "टीव्ही बंद पडला रे". फ्री डिश लावून द्यावी का? की डीटीएचमध्येच फक्त फ्रीचे चॅनेल ठेवता येतात ते करावं? मित्र म्हणतो आता डिशबिश कशाला, सगळं मोबाईलवरच येतं.

उत्तर: हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

पहिल्यांदा हे बघा की "फ्री" म्हणून तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि दुकानदार तिन्हीला एकच शब्द वापरतो. एक म्हणजे डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली, प्रसार भारतीची. छत्री, एलएनबी (छत्रीपुढे बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा), वायर आणि बॉक्स मिळून साधारण दोन हजारांच्या आत-बाहेर खर्च एकदा करायचा, नंतर महिन्याला शून्य रुपये, कार्ड नाही, रिचार्ज नाही, कोणाला आधार नंबर द्यायचा नाही. दुसरं, प्रायव्हेट डीटीएचमध्ये पे चॅनेल सगळे काढून टाकायचे आणि फक्त फ्री-टू-एअर, म्हणजे फुकटवाले, ठेवायचे. यात चॅनेलचे पैसे लागत नाहीत, पण नेटवर्क कपॅसिटी फी नावाचं भाडं लागतं. २०१९ ला ट्रायने, म्हणजे या कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्याची कमाल मर्यादा १३० रुपये ठेवली होती, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. वर्षाचे झाले १८४० रुपये आणि वर ८० पैसे. आता एवढ्यात तर फ्री डिशचा अख्खा सेट येतो! आणि जुलै २०२४ पासून ट्रायने ती मर्यादाही काढलीय, कंपनी ठरवेल ती फी, तेव्हा बिलात ही ओळ स्वतः डोळ्यांनी बघा, फोनवर सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका. तिसरं म्हणजे मोबाईल किंवा स्मार्ट टीव्हीवरची ॲप. प्रसार भारतीचंच वेव्हज नावाचं ॲप आहे, २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, दूरदर्शनचे चॅनेल त्यात लाइव्ह दिसतात. पण ते फुकट कसं म्हणायचं, इंटरनेटचं बिल कोण भरतं? शिवाय सत्तरीच्या आईला "आधी हे दाबा, मग अपडेट मागेल, मग ते स्किप करा" हे शिकवायला बसाल तेव्हा मला फोन करा, मी ऐकायला येतो.

आता खरा मुद्दा. फ्री डिशवर स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी येत नाहीत. ते पे चॅनेल आहेत. सह्याद्री आहे, बातम्यांचे चॅनेल आहेत, जुने सिनेमे, भजन, हिंदी सिरियल्स भरपूर. प्रायव्हेट मराठी चॅनेल येतात पण कायम राहतील असं काही नाही, कारण फ्री डिशवरच्या जागांचा ई-लिलाव होतो, ज्याला परवडलं तो राहतो, नाही परवडलं की एका एप्रिलमध्ये गायब. मोठ्या हिंदी कंपन्यांचे फुकटवाले चॅनेल बघा ना, झी अनमोल, स्टार उत्सव वगैरे मंडळी, २०१९ च्या मार्चमध्ये उठून गेली, २०२० ला परत आली, २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा गेली. येणं-जाणं चालूच. त्यामुळे "अमुक चॅनेल लागतो का" हे दुकानात विचारायचं नाही, तिथल्या चालू टीव्हीवर लावून दाखवा म्हणायचं.

मी आमच्या आईसाठी (ती धनकवडीला असते) एक साधी गोष्ट केली होती. रिमोटच्या शेजारी कॅलेंडर ठेवलं आणि तिला सांगितलं, आठवडाभर जे जे बघशील त्या चॅनेलचं नाव त्या-त्या दिवसाच्या चौकटीत लिही. डब्यात तीनशेच्या वर चॅनेल, आईच्या चौकटीत सात! त्यातले चार फ्री डिशवर होते, एक बातम्यांचा फोनवर बघता आला असता, आणि दोन होत्या तिच्या संध्याकाळच्या सिरियल्स ज्यांच्याशिवाय तिला जेवण जात नाही. मग काय, डीटीएच ठेवलं पण बुके, म्हणजे चॅनेलचा गठ्ठा, काढून टाकला आणि ते दोनच चॅनेल सुट्टे घेतले. आणि फ्री डिश बसवली बाबांच्या खोलीत, ते मॅच आणि बातम्या सोडून काही बघत नाहीत. दोघांची भांडणंही बंद झाली, म्हणजे निदान रिमोटवरची.

तुमच्या आईने कॅलेंडरवर काय लिहिलं ते बघा, उत्तर तिथेच मिळेल. सिरियल्स असतील तर फ्री डिश लावून देऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन येईल आणि तो रिचार्जच्या फोनपेक्षा जास्त लांब असेल.

आणि बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सेट घ्यायला गेलात तर बॉक्स एमपेग-फोरवाला, म्हणजे नव्या पद्धतीचा सिग्नल उलगडणारा, आहे का एवढं विचारा. जुने स्वस्तातले एमपेग-टूचे बॉक्स अजूनही कोपऱ्यात पडलेले असतात, त्यावर निम्मं-शिम्मं दिसतं आणि मग माणूस छत्री हलवत बसतो. त्याआधी घरी टीव्हीच्या मागे वाकून बघा. गोल, आट्यांचं पितळी कनेक्शन आणि शेजारी सॅटेलाइट असं लिहिलेलं असेल तर तुमच्या टीव्हीतच ट्यूनर आहे, बॉक्सचे पैसे वाचले, छत्रीची वायर थेट तिथे.

प्रश्न (हडपसर): जुन्या डीटीएचची छत्री गच्चीवर तशीच पडलीये. तीच वापरून फ्री डिश लागेल का? स्वतः लावायची आहे, माणूस सातशे रुपये मागतो.

उत्तर: छत्री चालते, नव्वद टक्के वेळा एलएनबीही चालतो, फक्त गंज बघून घ्या आणि वायर नवी टाका. छत्रीला कंपनी कळत नाही, तिला फक्त दिशा कळते.

फ्री डिशचा सॅटेलाइट आहे जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा. पुण्यातून तो दिसतो आग्नेयेला, होकायंत्रावर साधारण १३२ अंश, आणि वर बघायचं तर क्षितिजापासून ५९ अंशांवर. म्हणजे चांगलाच उंच. पण छत्री मात्र तेवढी आकाशाकडे बघताना दिसणार नाही, ती बरीच उभी वाटते, कारण ह्या छोट्या छत्र्या ऑफसेट असतात, त्यांचं तोंड एकीकडे आणि नजर वीस-पंचवीस अंश वर. नवीन माणूस इथेच फसतो, आकाशाकडे तोंड करून ठेवतो आणि पावसाचं पाणी साठवतो.

तुमची जुनी छत्री डिश टीव्हीची असेल तर नशीब काढलंत, त्यांचा सॅटेलाइट ९५ अंशावर आहे, म्हणजे जेमतेम दीड अंशाचा फरक, नट किंचित सैल करून बोटभर सरकवायची. टाटाची असेल तर ती ८३ अंशाकडे बघत असते, तिला डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे, बऱ्यापैकी फिरवावी लागते. एअरटेलची १०८ कडे, ती उलट उजवीकडे.

आता माझा स्वतःचा पोपट कसा झाला ते सांगतो म्हणजे तुमचा व्हायचा नाही. बाबांच्या खोलीची छत्री मीच लावली, मे महिना, दुपारी बारा, गच्ची तापलेली, चप्पल चिकटायला लागलेली. खाली बायको टीव्हीसमोर फोन घेऊन. टीव्हीवर सिग्नलची स्ट्रेंग्थ ८५! मी खूश. क्वालिटी? शून्य. अर्धा तास मी छत्री हलवतोय आणि स्ट्रेंग्थ ८५ ची ८५. नंतर डोक्यात प्रकाश पडला की स्ट्रेंग्थची पट्टी एवढंच सांगते की एलएनबीला करंट मिळतोय आणि वायर जोडलेली आहे, छत्री भिंतीकडे वळवली तरी ती तेवढीच राहते. बघायची ती क्वालिटी. मग सगळं सोडून ब्लाइंड स्कॅन मारला, म्हणजे बॉक्सलाच सापडेल ते शोधायला लावलं, तर धडाधड शंभरच्या वर चॅनेल आले, बायको ओरडली "आले आले!", आणि लावून बघते तर प्रत्येकापुढे डॉलरची खूण, चित्र काळं. डॉलर म्हणजे पैसेवाला चॅनेल, कुलूप लावलेला. मी शेजारच्या ९५ वर जाऊन बसलो होतो. तिथून नखाएवढं पश्चिमेला सरकवलं आणि डीडी लागलं.

तेव्हा असं करा, बॉक्समध्ये आधी जीसॅट-१५ निवडा, फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाकून ठेवा, आणि मग छत्री अगदी हळू, दोन-दोन मिलिमीटर, प्रत्येक वेळी थांबून. बॉक्सला विचार करायला दोन-तीन सेकंद लागतात, आपण त्याच्या आधीच पुढे गेलेलो असतो. क्वालिटी वर आली की एलएनबीसुद्धा त्याच्या खोबणीत थोडा गोल फिरवून बघा, त्यानेही पाच-दहा टक्के वाढतात.

स्लॅबला ड्रिल मारू नका. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला भोक पडलं की जुलैमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू सेक्रेटरीला घेऊन तुमच्या दारात. लोखंडी स्टँडवर चार विटा किंवा सिमेंटचा ब्लॉक ठेवला की भागतं, आणि आग्नेयेला पाण्याची टाकी किंवा नारळ आडवा येत नाही ना ते आधी बघा. हे सगळं वाचून दमला असाल तर सातशे रुपये फार नाहीत.

प्रश्न (वारजे): पाऊस आला की चित्र चौकोनी-चौकोनी होऊन बंद. फ्री आहे म्हणून असं होतं का? पैसेवाल्या डिशला होत नाही म्हणे.

उत्तर: कोण म्हणे? पैसेवाल्यालाही होतं, दोन्ही केयू बँडवरच, म्हणजे आखूड लहरींच्या पट्ट्यावरच चालतात आणि पावसाचे थेंब त्या लहरी खातात. आपल्याकडे जुलैची भुरभुर दिवसभर चालली तरी चित्र जात नाही, पण मे महिन्यातला वळीव किंवा ऑक्टोबरचा तो काळाकुट्ट ढग आला की दहा मिनिटं गेलंच म्हणून समजा, कारण किती वेळ पडतो यापेक्षा किती जोरात पडतो हे महत्त्वाचं. कोरड्या दिवशी क्वालिटी काठावर पास असेल तर पावसात ती पहिली बुडते. म्हणून कोरड्या दिवशीच ती जेवढी वर नेता येईल तेवढी नेऊन ठेवायची. वारंवार जात असेल तर ६० सेंटिमीटरच्या ऐवजी ७५ किंवा ९० ची छत्री लावा, फरक पडतो.

पाऊस थांबून दोन तास झाले तरी चित्र नाही? मग ढगाचा दोष नाही, एलएनबीच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. काढा, पुसा, आतली तांब्याची तार हिरवी पडली असेल तर इंचभर कापून नवा कनेक्टर लावा आणि वर टेप गुंडाळा. एलएनबीला दुधाची पिशवी बांधायची एक पुणेरी पद्धत आहे, ती बांधू नका, पिशवीवर पाण्याचा थर बसतो आणि आधीच कमी सिग्नल आणखी कमी होतो.

याच काकांनी पुढे लिहिलंय की स्वच्छ उन्हात सुद्धा एकदा पाच-दहा मिनिटं गेलं होतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमाराला गेलं असेल तर तेव्हा सूर्य बरोब्बर सॅटेलाइटच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल हरवतो. चार-पाच दिवस रोज थोडा वेळ होतं, आपोआप थांबतं. चहा प्या.

प्रश्न (कोथरूड): बंगल्याच्या गच्चीवर वडिलांनी लावलेली आठ फुटी जाळीची छत्री आहे. भंगारवाला रोज विचारतो. देऊन टाकू?

उत्तर: थांबा, थांबा! ती सी बँडची, म्हणजे जास्त लांब लहरींची छत्री. तिच्यावर एकेका सॅटेलाइटवरून बरेच फ्री चॅनेल अजूनही मिळतात, देशातले वेगवेगळ्या भाषांचे, आणि पावसाने तिचं काही बिघडत नाही. पण हे छंदाचं काम आहे, घरच्यांच्या करमणुकीचं नाही. एका वेळी एकच सॅटेलाइट, दुसरा हवा तर छत्री फिरवा नाहीतर मोटर लावा, आणि चांगले चॅनेल एकेक करून कुलूपबंद होत चाललेत. त्यात २०२२ च्या ऑक्टोबरपासून ५जी आलं, त्याची ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झची पट्टी सी बँडच्या अगदी शेजारी, जवळ टॉवर असेल तर जुना एलएनबी गोंधळतो, फिल्टरवाला घ्यावा लागतो. आणि तिच्यावर फ्री डिशचा एलएनबी बांधून चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, केयूच्या बारीक लहरींना ती जाळी आणि तिचा वेडावाकडा झालेला आकार चालत नाही.

वडिलांनी लावलेली आहे म्हणताय, तर ठेवा. भंगारात तिचे येऊन येऊन किती येणार? आमच्याकडे सिंहगडाकडे तोंड केलेला जुना ॲँटेना अजून आहे, १९७३ ला सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम इथे दिसायला लागले त्यानंतर कधीतरी आजोबांनी लावलेला. आता त्यावर कावळे बसतात, पण काढवत नाही.

प्रश्न (औंध): मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला आहे, आम्ही दिवाळीनंतर सहा महिने त्याच्याकडे जातोय. इथला फ्री डिशचा बॉक्स नेला तर मराठी दिसेल का? आणि तिकडे असं फुकटचं काही असतं का?

उत्तर: बॉक्सचं वजन बॅगेत वाया घालवू नका मावशी, त्यापेक्षा भाजणी न्या. आपला ९३.५ वाला सॅटेलाइट लीड्सहून क्षितिजाच्या खाली जातो, दिसतच नाही, मग छत्री कितीही मोठी लावा.

तिकडे फ्रीसॅट म्हणून आहे, बीबीसी आणि आयटीव्हीने मिळून मे २००८ मध्ये सुरू केलेलं, २८.२ अंशावरच्या सॅटेलाइटवरून. त्याच्याआधी स्काय कंपनीनेही महिना न भरता बघायचा एक पर्याय काढला होता. शिवाय साध्या ॲँटेनावर चालणारं फ्रीव्ह्यू आहे २००२ पासूनचं, आणि एप्रिल २०२४ पासून ब्रॉडबँडवर चालणारं फ्रीली. मुलाच्या घरी ॲँटेनाची वायर भिंतीत असेल तर बहुतेक फ्रीव्ह्यूच लागलेलं असणार. मराठी यातल्या कशावरच नाही, ते इंटरनेटवरच बघावं लागेल.

आणि गंमत म्हणजे तिकडे हे सगळं फुकट असूनही लाइव्ह टीव्ही बघायचा तर घराला टीव्ही लायसन लागतं, एप्रिल २०२५ ला त्याची फी वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झाली होती. आपल्याकडेही एकेकाळी रेडिओ-टीव्हीचं लायसन असायचं, पोस्टात जाऊन भरायचं, तुम्हाला आठवत असेल. मुलाने ते भरलंय का एवढं विचारून घ्या.

प्रश्न (कात्रज): फोन आला की तुमच्या फ्री डिशचं रजिस्ट्रेशन संपलंय, ३९९ रुपये भरा नाहीतर उद्यापासून बंद. भरू का?

उत्तर: नका भरू. फ्री डिशला महिन्याची फी नाही आणि रिचार्जही नाही, तुमची छत्री कुठे आहे हे वर कुणालाच माहीत नसतं. फोन ठेवा, नंबर ब्लॉक करा आणि पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.